बियाण्याला ठेवलेला बेस

परवा सकाळी सोयाबीनच्या व्यापाऱ्याचा टेम्पो वारूळवाडीत आमच्या दारात येऊन उभा राहिला आणि माझा दिवस बिघडला. खरं तर माल विकला जातोय म्हटल्यावर शेतकऱ्याच्या घरात आनंद व्हायला हवा… भावही चांगला मिळाला होता. पण माझं दुखणं वेगळं होतं.

त्याचं असं झालं… दिवाळीत मी स्पीकर घेतले. जमिनीवर उभे राहणारे, माझ्या कमरेच्या वर येणारे दोन टॉवर. दुकानात ऐकताना असा बेस आला की खुर्चीचा हात थरथरला. दुकानदार म्हणाला, याला बेससाठी वेगळा सबवूफर लागतच नाही. हे ब्रह्मवाक्य मी घरी येईपर्यंत निम्म्या नारायणगावाला ऐकवलं.

घरी लावले… आणि बेस गायब. आमचा हॉल नवा, ऐसपैस, खाली चकचकीत फरशी, सामान म्हणाल तर एक घड्याळ आणि एक सोफा. आवाज नुसता सैरावैरा घुमायचा. पखवाज लावला तर कुणीतरी तेलाचा रिकामा डबा बडवतंय असं वाटायचं.

गंमत म्हणजे बेस होता. तो फक्त सोफ्यावर येत नव्हता. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आरं कमी कर, मांडणीवरची ताटं वाजत्यात." म्हणजे पैसे माझे आणि बेस ताटांना.

स्पीकर पुढे ओढले, मागे ढकलले, तिरके केले. सोफा हॉलभर फिरवून झाला. शेवटी आई म्हणाली, "पावणं आलं तर बसवायचं कुठं, दारात?" सोफा मुकाट्याने जागेवर गेला.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. त्यांचा या खरेदीला पहिल्यापासून विरोध. ते स्पीकरला कपाटं म्हणतात… "दोन कपाटं आणली, एकालाबी खण नाय."

दादा गावच्या भजनात पखवाज वाजवतात, मला आठवतंय तेव्हापासून. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक थापतात, त्याशिवाय त्याला खर्ज येत नाही. पहिल्या दिवशी दादांनी ओट्यावरूनच ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "कणीक लावायची राह्यली वाटतं." त्यानंतर आत येऊन बसले म्हणून नाहीत.

जिव्हारी लागलं राव. कारण खरं सांगू… मला तो पखवाज दुसऱ्या कुणाला नाही, दादांनाच ऐकवायचा होता.

शेजारचा संतोष लग्नात साऊंड लावतो. तो म्हणाला, "भाऊ, सब नाय तर बेस नाय. छातीत धडधडलं पायजे." पण सब आणायचा म्हणजे दादांपुढे चूक कबूल करायची. त्यापेक्षा बिनबेसाचा मेलो तरी चालेल, असं मी ठरवून टाकलं.

मग पडवीचे पत्रे बदलायला काढले. पडवीतली सोयाबीनची पोती कुठे ठेवायची? तर हॉलमध्ये. मागच्या भिंतीला थप्पी, दोन्ही कोपऱ्यांत पार वरपर्यंत थप्पी. माझ्या हॉलचं गोदाम झालं आणि मी रुसून बसलो.

रविवारी दुपारी वैतागून सहज पखवाज लावला. पहिलीच थाप पोटात उतरली. घुमणं नाही, डबा नाही, खर्ज अगदी भरून आला… आणि मांडणीवरची ताटं गप्प. नंतर वाचलं तर कळलं की शौकीन लोक आवाज ताळ्यावर आणायला कोपऱ्यांत जाडजूड महागड्या गाद्या उभ्या करतात. आमच्याकडे ते काम सोयाबीन करत होतं.

 त्या दिवसापासून दादांनी कणकेचा विषय पुन्हा काढला नाही. आणि ओट्यावरची त्यांची खुर्ची हळूहळू दाराकडे सरकत आली होती.

पडवी झाली. पोती हलवायचं नाव निघालं की माझी कंबर दुखायला लागायची. दादाही मालाच्या भावासाठी थांबले होते. अख्खा तालुका भाव वाढायची वाट बघत होता आणि मी एकटाच मनात म्हणत होतो, राहू द्या की अजून थोडं… शेतकऱ्याच्या पोटी जन्मून हे विचार. लाज वाटायची, पण गाणं लावलं की जायची.

भाव वाढायचा तो वाढलाच. परवा हमाल पोती उचलायला लागले तसा मी ओट्यावर जाऊन बसलो. बघवत नव्हतं. मागची भिंत मोकळी झाली आणि ते कोपऱ्याकडे वळले.

तेवढ्यात दादांचा आवाज आला, "त्या कोपऱ्यातल्या दोन्ही थप्प्या राहू द्या. बियाण्याला ठेवल्यात."

आई बघतच राहिली. आमचं रान दोन-तीन पोत्यांत पेरून होतं. "एवढं बियाणं? समदं गाव पेरायचंय का काय?" दादांना नेमकं तेव्हाच ऐकू आलं नाही. व्यापारी म्हणाला, "दादा, भाव उतरंल पुन्यांदा." दादा म्हणाले, "उतरू दे."

टेम्पो गेला. दादा आत आले, टोपी काढून बाजूला ठेवली आणि सोफ्यावर बसले. "लाव तुझी कपाटं. बघू कणीक राह्यलीय का."

मी पखवाज लावला. किंचित पातळ झाला होता, पण खर्ज होता. दादांचा डावा हात गुडघ्यावर थापेबरोबर पडत होता. माझे डोळे भरून आले, म्हणून मी उगाच वायरी तपासत बसलो.

आजवर दादांनी मला तोंडभरून कधी शाबासकी दिलेली नाही, पुढेही देतील असं वाटत नाही. आता माझी काही तक्रार नाही. संतोष काल पुन्हा विचारत होता, सब कधी घेतोस…

त्याला सांगितलं, पेरणीपर्यंत तरी गरज नाही.