मयताच्या नावावर त्रेचाळीस टेस्ट

ऑफिसात सगळे तिला वहिनी म्हणत. ती प्रोग्रॅमर, नवराही तिथेच, शेजारच्या टीममध्ये प्रोग्रॅमर. त्याच्या नात्याने ती वहिनी झाली. मार्चमध्ये तो गेला. हार्ट अटॅक, बेचाळिसाव्या वर्षी. हाक मात्र राहिली, आणि त्याच्या नावाने येणारे मेल तिच्याकडे वळवून कोणीतरी हात झटकले.

आता या ऑफिसचं जुनं दुखणं सांगायला हवं. बाहेरच्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, म्हणजे लायब्रऱ्यांच्या, जिवावर इथलं सॉफ्टवेअर चालायचं. लायब्ररी अपडेट झाली की सॉफ्टवेअर नीट चालतंय का ते तपासणाऱ्या दहा-वीस टेस्ट धडाधड फेल व्हायच्या आणि त्या दुरुस्त कोणी करायच्या यावरून जुंपायची. अपडेट करणारा म्हणायचा, तुमची टेस्टच कच्ची. टेस्टवाला म्हणायचा, चालत्या गाडीला खीळ तूच घातलीस. ऑगस्टमध्ये वैतागून साहेबांनी फर्मान काढलं: टेस्टच्या डोक्यावर मालक म्हणून ज्याचं नाव, त्यानेच ती दुरुस्त करायची.

त्यानंतर वहिनीला नवऱ्याच्या नावाने फेल टेस्टचे मेल येऊ लागले. आधी सहा, मग एकोणीस, बघता बघता त्रेचाळीस. तिला वाटलं, बिचाऱ्याचं काम अर्धवट राहिलं. जेवणाची सुट्टी मोडून ती एकेक टेस्ट दुरुस्त करत बसायची. एका मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण कामात गडी ढिलाच होता." तिची मान खाली गेली.

पण मनात ते सलत राहिलं. कोणत्या फाइलमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद असते. ती तिने उघडली. सदतीस टेस्टवर ज्याने-त्याने स्वतःचं नाव खोडून नवऱ्याचं नाव ऑगस्टमध्ये घातलेलं होतं. मेलेला माणूस कुरकुर करत नाही, एवढं या हुशार मंडळींनी ताडलं होतं. त्याचे मेल बायकोकडे जातात, हे मात्र विसरले होते. नऊ टेस्ट तर त्याच्या जिगरी दोस्ताने ढकलल्या होत्या. हाच दोस्त दवाखान्यात तिच्या शेजारी बसून रडला होता.

तिने यादी छापून साहेबांच्या टेबलावर ठेवली. दोस्तही तिथेच होता.

"या सहा त्याच्या. बाकीच्यांवरून त्याचं नाव काढा. माणूस मार्चमध्ये गेलाय, ऑगस्टमध्ये कामावर आला नव्हता."

साहेब ओशाळले. दोस्त खाली बघत म्हणाला, "चुकलं, वहिनी. वाटलं, त्याला आता कसला त्रास?"

"मला झाला," ती म्हणाली.

दुपारपर्यंत दोस्ताने काम उरकलं. एकच कमांड चालवली. तिने शोधून पाहिलं, तर नवऱ्याचं नाव सदतीस टेस्टवर नव्हतं, आणि त्या सहांवरही नव्हतं. सगळीकडे तिचं नाव होतं.

"दुरुस्त तुम्हीच करता ना सगळ्या," तो म्हणाला, "म्हणून म्हटलं..."

सहांपैकी एक टेस्ट उघडून तिने नवऱ्याचं नाव परत लिहिलं. पुन्हा घोळ नको म्हणून साहेबांनी त्याचं खातंच बंद करून घेतलं होतं. स्क्रीनवर उत्तर आलं: या नावाचा कर्मचारी नाही.

तिने ते नाव पुसलं, आपलं लिहिलं आणि दुरुस्तीला बसली.