निमकर साहेबांनी फिल्म कोणासाठी सोडली

ऐन पंचविशीत मी गावाकडून दिल्लीच्या आमच्या कार्यालयात रुजू झालो. पहिल्याच आठवड्यात माझे वरिष्ठ श्री. पद्माकर निमकर साहेब मला जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर घेऊन गेले. त्यांच्या हातात कॅमेरा होता. "जाधव, उन्हात उभे राहा. हलू नका, नाहीतर मृग नक्षत्राचे दोन तुकडे होतील."

मी घाबरून ताठ उभा राहिलो. मागाहून त्यांनी उलगडा केला. साहेबांना रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचा छंद होता. आकाशाच्या निगेटिव्हवर एक फोटो कुठे संपतो ते लॅबवाल्याला कळत नाही आणि कात्री भलतीकडेच चालते. म्हणून रिळातला पहिला फोटो दिवसाउजेडी काढायचा; पुढचे माप त्यावरून लागते. त्या फोटोसाठी साहेब दिल्लीत नवखा असलेला माणूस निवडत आणि एक प्रत त्याच्या घरी पाठवत. दिल्लीतल्या मुनिरका भागात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या कित्येक मुलांच्या आईवडिलांना लेकराचा दिल्लीतला पहिला फोटो असा मिळाला. माझ्या आईलाही.

पुढे साहेबांबरोबर दुर्बीण घेऊन मी शहराच्या उजेडापासून दूर, मानेसरच्या पलीकडे जाऊ लागलो. डिजिटल कॅमेरे आले, आकाशाचे फोटो काढणारे आम्ही सगळे तिकडे वळलो. साहेब फिल्मवरच राहिले. फोटोत उतरलेला दिल्लीच्या दिव्यांचा पिवळट उजेड आम्ही संगणकावर पुसत असू. साहेब चिडत. "त्या रात्री तो उजेड आकाशात होता ना? मग पुसलात कशाला? हा फोटो आहे की मेकअप?" मला ते मनातून पटे. समोर आहे ते आहे तसे स्वीकारणे ही मला प्रार्थनाच वाटते.

मग साहेबांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही किती टिकेल सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. साहेबांच्या पोस्टकार्डाएवढ्या फोटोंत काकूंना आता नुसते करडे दिसे. एका संध्याकाळी साहेब आर. के. पुरमला माझ्या घरी आले. "जाधव, तो उजेड पुसायचा कसा, मला शिकवा."

सत्तरी ओलांडलेले माझे वरिष्ठ माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि चुकले की निःसंकोच "पुन्हा सांगा" म्हणत. काही आठवड्यांनी त्यांनी मृगातल्या तेजोमेघाचा, उजेड पुसलेला फोटो घरच्या टीव्हीवर लावला. काकू अगदी पडद्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, हा गुलाबी आहे? इतकी वर्षं ठिपका दाखवून फसवलंत की मला!"

"फसवलं नाही. दिल्ली आड येत होती."

"मग तिला आधीच बाजूला करायचं होतं!"

"चुकलंच माझं," साहेब म्हणाले. कार्यालयात इतकी वर्षे काढली, पण हे वाक्य मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकले.

तेव्हापासून फिल्मचा कॅमेरा कपाटात आहे. काकूंचे अजून बरेच आकाश पाहायचे राहिले आहे, म्हणून आभाळ निवळले की साहेब डिजिटल कॅमेरा घेऊन निघतात. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त आपण सर्वांनी देवाकडे त्यांच्यासाठी निरोगी, दीर्घ आयुष्य मागू या. आणि काकूंच्या डोळ्यांत जो उजेड उरला आहे, तो साहेबांचे आकाश दाखवून होईपर्यंत देवाने सांभाळावा, हेही मागू या.