एका सिमवर अख्खी टोळी

नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ उसाच्या फडात मुकादमाची माणसं एका तोडकऱ्याला काठ्यांनी फोडत होती. रेंज फक्त माझ्या सिमला होती, म्हणून तोडकऱ्यांची अख्खी टोळी माझ्या हॉटस्पॉटवरून मारहाणीचे व्हिडिओ पाठवू लागली. एकही जाईना. मोबाईल कंपनी एका सिमला एका वेळी इंटरनेटच्या ठरावीकच जोडण्या देते, वरच्या तोडते; आणि एकेक फोन अशा डझनावारी जोडण्या उघडतो.

“बाकीचे फोन बंद करा! एकच जाऊ द्या!” मी ओरडलो.

“कुनाचा?”

“माजा!” मार खाणाऱ्याची बायको किंचाळली. “मरतोय माजा नवरा!”

फोन बंद झाले. तिचा व्हिडिओ नगरला आमच्या ऊसतोड कामगार संघटनेकडे पोहोचला आणि माझ्या मनगटावर काठी बसली. हाड मोडलं.

संघटनेने कळवल्यावर पोलीस आले तेव्हा तिचा नवरा रक्तात पडला होता, पण जिवंत होता. अख्ख्या टोळीची किंकाळी एका सिमच्या मर्यादेत कोंबावी लागली, हा राग अजून जात नाही.