काय खेळलास?

मोठ्या माणसाविषयी लिहायची माझी योग्यता नाही. दासगावच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चुकलं तर माफ करा. पण महाडच्या डॉक्टरकाकांविषयी कुणीतरी लिहायला हवं, असं वाटत राहतं.

दम्याच्या मुलाला ते आधी खोकल्याचं विचारत नसत. आईबापांना हातानेच थांबवून मुलाला म्हणत, "या आठवड्यात काय खेळलास?"

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणालो, "काय नाय. बांधावर बसून कबड्डीचे गुण मोजतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आई घाईने म्हणाली, "पण डॉक्टर, महिनाभर धाप नाय लागली त्याला."

"बसून राहिल्यावर कशी लागेल, ताई?"

त्यांनी रोज तोंडाने ओढून घ्यायचा औषधाचा पंप दिला. आईने तो बुद्धमूर्तीशेजारी फळीवर जपून ठेवला. चांगली वस्तू आमच्याकडे अडीअडचणीसाठीच राखतात. पुढच्या वेळी तसाच भरलेला पंप पाहून डॉक्टरकाका हसले. "हा पुजायला नाही दिला. ब्रशाशेजारी ठेवा. आधी पंप, मग दात घासून चूळ."

बाबा चाचरत म्हणाले, "सवय लागली तर?"

"तुम्हाला चष्म्याची लागली ना? काय बिघडलं?"

आई तोंडाला पदर लावून हसली.

पेरणीआधी शेतात राब, म्हणजे पालापाचोळा, भाजायला लागले की गावभर धूर कोंडतो. त्या दिवसांत, त्यांच्याच सांगण्यावरून, मी पोलादपूरला आत्याकडे जाई. आत्या शेजारणीला ओरडून सांगे, "आला गो आमचा धुराचा पाहुणा!"

हळूहळू मी बांधावरून मैदानात उतरलो. पहिल्याच चढाईत मधल्या रेषेवरून परत फिरलो. डॉक्टरकाकांनी विचारलं, "धाप लागली?"

"नाय. पकडतील म्हणून घाबरलो."

"शाब्बास! हे दम्याचं नाही. यावर माझ्याकडे औषध नाही." इतकं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पुढे दवाखाना बंद करून ते मुलाकडे पुण्याला गेले. यंदा कॉलेजच्या संघात माझी निवड झाली. त्यांना कळवायचं होतं, पण फोन नंबर कुणाकडे मागायचा, याचाच संकोच करत राहिलो.

गेल्या आठवड्यात एसटी स्टँडवर त्यांचे जुने कंपाउंडर भेटले. डॉक्टरकाका गेले, म्हणाले. आणि पुढे सांगू लागले, "शेवटच्या फोनवर तुझं विचारलंनी. दासगावचा तो हल्ली काय खेळतो? मी सांगितलं, कॉलेजकडून चढाईला जातो."

"मग?"

"मग हसले बराच वेळ. म्हणाले, आता बांधावर गुण कोण मोजतं?"