दोडक्याच्या मांडवाचे बांबू

धाड गावचे शेषराव माळी वांगी, दोडकी पिकवायचे आणि उरलेल्या डोक्यानं खेळ काढायचे. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. लहानपणी ते अंगानं काडीसारखे होते. कबड्डीत त्यांना कुणी घ्यायचं नाही, बांधावर बसवून ठेवायचे. ते बसणं त्यांच्या जिवाला लागलं होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, दांडगा आणि काटकुळा दोघांनाही मजा येईल असा खेळ काढायचाच.

त्यासाठी त्यांनी घरचे बांबू उचलले. ते विमलबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दोडक्याच्या मांडवासाठी ठेवलेले होते. त्या बांबूंचं शेषरावांनी चालतं बुजगावणं केलं. भलंमोठं, गोणपाटाचं. आत खांद्यावर माणूस घेतलेला माणूस, आणि छातीवर बांधलेलं टोपलं. समोर डझनभर पायदळ, हातात गोफणी. गोफणीत दगड नाही, गेरूत भिजवलेले चिंध्यांचे गोळे. टोपलं लाल झालं की बुजगावणं मेलं. बुजगावण्यानं वरून राखेची पुरचुंडी मारली आणि कुणी पांढरा झाला, तर तो बाद.

खालच्या माणसाला गोणपाटातून काही दिसायचं नाही. मग त्याला हाकायचं कसं? शेषरावांनी सोपी युक्ती काढली. वरच्यानं बैल हाकतात तसं हाकायचं. गाव जन्मभर बैलच हाकत आलेलं, वेगळं शिकवायला नको.

पहिल्या वेळी बुजगावण्यानं सगळ्यांना राखेत लोळवलं. बाद झालेले गडी थोडा वेळ बसले आणि चहा प्यायला निघून गेले. दुसऱ्या वेळी पुरचुंड्या कमी केल्या, तर बुजगावणं चार पावलांत मेलं.

"अहो, माहे बांबू कधी देता?" विमलबाईंनी विचारलं.

"एक डाव राह्यला," शेषराव म्हणाले. "यावेळेस गडी उठून गेले तं म्या सोताच मांडव घालून देतो. पुन्हा खेळाचं नाव नाही काढणार."

हे बोलताना त्यांचा चेहरा एवढासा झाला. विमलबाईंनी तो पाहिला, पण बांबूही त्यांना हवेच होते.

ज्वारी निघालेल्या वावरात तिसरा डाव मांडला. खाली शेषराव स्वतः शिरले आणि खांद्यावर शेजारचा कारभारी बसला. कारभारीचा नेम भारी. बघता बघता पायदळातले तीनच गडी उरले. बाद झालेले कपडे झटकू लागले. एकजण चप्पल शोधू लागला.

विमलबाई बांधावर उभ्या होत्या. बांबू आता घरी येणार, हे त्यांना दिसत होतं. खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण त्या गोणपाटाखाली धापा टाकत, ठेचकाळत चाललेले दोन पाय त्यांना दिसले. गडी चालले आणि या भोळ्या माणसाला आत पत्ताही नाही! बैल थांबवताना काढतात तसा त्यांनी खणखणीत आवाज काढला.

"होऽऽ! होऽऽ!"

बुजगावणं जागच्या जागी थांबलं.

"चाल ना बे बैला!" वरून कारभारी ओरडला. आपण कुणावर बसलो आहोत, याचं भान त्याला राहिलं नव्हतं. पण शेषराव हलले नाहीत. तिघांनी तेवढ्यात टोपलं लालभडक केलं.

शेषराव गोणपाट फाडल्यासारखे बाहेर आले. "काऊन ओरडली तू? माह्या खेळाचा सत्यानाश केला ना!"

विमलबाई काही बोलायच्या आत बाद झालेले गडी वावरात घुसले. चप्पल शोधणारा सगळ्यात पुढे. "दादा, अजून एक डाव! आता आम्ही बांधावरून ओरडतो!"

शेषरावांच्या आता ध्यानात आलं. बाद झालेल्याला काही काम नव्हतं, म्हणून तो उठून जात होता. आपण स्वतः लहानपणी ज्या बांधावर बसून कुढलो, त्याच बांधावर आपण यांना बसवत होतो की! त्यांचे डोळे भरून आले, आणि राखेचं निमित्त करून त्यांनी ते पुसले.

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत डाव चालले. बाद झालेले 'होऽऽ' करून बुजगावण्याला थांबवत होते, चुकीच्या बाजूला वळवत होते, आणि कारभारी वरून घसा फोडत होता. एकही गडी घरी गेला नाही. शेषरावांचे कान मात्र लवकरच तयार झाले. कुणी कितीही ओरडलं तरी ते थांबेनात.

मग विमलबाईंनी हळूच, नुसतं बघावं म्हणून, एकदा 'होऽऽ' केलं. पाय थांबले.

त्या साली दोडक्याचा मांडव कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर निभावला. आणि खेळात एक कायदा वाढला. बांधावरून सगळ्या गावानं ओरडावं, विमलबाईंनी नाही.

"घरात तं माहं एक अक्षर ऐकू येत नाही तुमाले," त्या म्हणाल्या.

"ऐकू येते," शेषराव म्हणाले. "म्हणून तं कायदा करा लागला."