मामी स्वतः कापते ते चीज

माझी मामी एका दुकानात चीजच्या काउंटरवर मशीनने चकत्या कापते, आणि जगात कुणावरही विश्वास ठेवत नाही. दूधवाला, डॉक्टर, मी, आम्ही सगळे चोर! औषधं घेऊनही मामाचं बीपी उतरेना, तेव्हा तर ती त्याच्यामागे हात धुऊनच लागली.

"बाहेर काहीतरी खारट हादडताय तुम्ही!" म्हणत रोज त्याच्या शर्टाचा वास घ्यायची. बिचारा शपथा घेऊन थकला.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "घरी चीज वगैरे खातात का?"

"रोज देते की! एकदम ताजं. मी स्वतः कापते."

"कापता ताजं हो, पण बनवलंय कशाचं?"

मामीला असला राग आला! दुसऱ्या दिवशी तिने चीजच्या ठोकळ्याचं वेष्टन फेकायच्या आधी पहिल्यांदाच वाचलं. प्रथिनं होती, कॅल्शियमही होतं. पण ते चीज वितळवून, त्यात क्षार मिसळून, पुन्हा साच्यात ओतलेलं होतं. आणि मीठ तर इतकं, की तिने तो आकडा तीनदा वाचला.

रात्री तिने मामाच्या ताटातली चकती गुपचूप उचलली.

"अगं, माझं चीज?"

"आजपासून बंद."

"का?"

"उगाच. जेवा मुकाट्याने."

मामाने घास खाली ठेवला आणि तिच्याकडे निरखून बघितलं. "तू काहीतरी लपवतेयस."

आणि आमची मामी, जी भल्याभल्यांची उलटतपासणी घेते, ती मान खाली घालून रडायलाच लागली.