एक दारात

सकाळी ऑफिसात शिरल्यावर चहाच्याही आधी माझा एक फोन ठरलेला असे. क्रांती चौकातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरून फुलंब्री रस्त्यावरच्या गोदामाला. आमची कंपनी पाण्याच्या प्लास्टिकच्या टाक्या बनवायची. मी हिशेबाच्या टेबलावर होते, आणि गोदाम सांभाळणारी मुलगी माझ्यापेक्षा बरीच लहान होती. मी म्हणायचे, "बोल, तुझ्याकडं किती?" ती टाक्यांचे आकडे सांगायची, मी माझ्या कॉम्प्युटरवरचे सांगायचे, आणि शेवटी ती न चुकता म्हणायची, "अन् एक दारात, ताई."

ती एक धरली की ताळा जमायचा.

तो काळ आमच्या धंद्याच्या भरभराटीचा होता आणि हे सांगताना मला अजूनही बरं वाटत नाही. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. शहरात नळाला पाणी यायचं ते आठवड्यातून एकदा, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. त्यात शहर चारी बाजूंनी सुटलं होतं. हर्सूलच्या पुढं जिथं काल पडीक रान होतं, तिथं आज प्लॉटिंगचे दगड रोवलेले दिसायचे. आधी टाकी आणि मग घर, अशी लोकांची रीत झाली होती. दुष्काळ पडला की आमच्याकडं ओव्हरटाइम लागायचा. गुलमंडीत कापड घ्यायला गेले आणि ओळखीच्या कुणी बाईनं "कुठं असता हल्ली?" असं विचारलं, की मी "एका कंपनीत" एवढंच सांगून मोकळी व्हायचे.

दारातली टाकी म्हणजे गोदामाच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, विटांच्या कट्ट्यावर ठेवलेली एक काळी टाकी. बुडाशी तोटी, तोटीखाली अर्धं कापलेलं पिंप. काळ्या टाकीत दुपारचं पाणी तापतं म्हणून तिला ओली पोती गुंडाळलेली. पूर्वी जवळच एक विहीर होती, तिथं मेंढरांना पाणी मिळायचं. ती विहीर एका प्लॉटिंगच्या कंपाउंडात गेली आणि कंपाउंडाला कुलूप लागलं. तेव्हा या मुलीनं गोदामातली एक टाकी बाहेर काढली आणि गोदामासाठी येणाऱ्या टँकरचं जे पाणी उरेल ते तीत सोडायला लागली. शेठना विचारलं नाही. मला मात्र पहिल्याच सकाळी फोनवर सांगितलं.

"माझ्या बापाचीबी मेंढरं त्यात असतेत, ताई," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू."

ती मेंढपाळाच्या घरातली, बी.कॉम. झालेली. आमच्या घराण्यात पोथ्या नाहीतर दफ्तरं. पणजोबा निजामाच्या कुठल्याशा कचेरीत कारकून होते, आणि माझा स्वभाव थेट तिथूनच आला असावा. आकडा जुळला नाही की मला जेवण जात नाही, आणि ज्याच्यामुळं जुळला नाही त्यालाही मी सुखानं जेवू देत नाही. ऑफिसात माझ्या माघारी मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण त्या एका टाकीचा फरक मी रोज सकाळी सांभाळला, आणि लाडानं सांभाळला.

एकदा मुद्दाम जाऊन पाहून आले. दुपारची वेळ होती. पिंपाभोवती मेंढ्या माना घालून पाणी पीत होत्या आणि मागच्या मेंढ्या पुढच्यांच्या पाठीवर तोंडं टेकून उभ्या होत्या. तिचा बाप उपरणं डोक्यावर घेऊन सावलीत बसला होता. मला बघून उठला.

"तुमची का टाकी, बाई? लई सोय झाली."

"माझी कशाची? तुमच्या लेकीची आहे."

तो हसला. "लेक म्हणती, ताईची हाय."

मी तिथं चहा प्यायले आणि घरी येताना बसमध्ये उगाच खूश होते. मला बहीण नाही. ताळा जमल्यावर आमचा फोन लगेच बंद झाला असं सहसा व्हायचं नाही. तिला बघायला आलेल्या मुलांच्या नकला ती करायची, मी माझ्या सासूबाईंच्या करायचे. मग कुणीतरी माझ्या टेबलाशी येऊन उभं राहिलं की मी आवाज जाड करून "बरं, मग काळ्या हजार लिटरच्या किती म्हणालीस?" असं विचारायचे आणि ती तिकडं फिदीफिदी हसायची.

मग शेठनी ठरवलं, सगळं एकत्र आणायचं. डीलरच्या ऑर्डरी मोबाइलच्या ॲपवर यायच्या आणि त्यांचा डेटा क्लाउडवर असायचा. चिकलठाण्याच्या कारखान्यातलं उत्पादन तिथल्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये, हिशेब माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर आणि गोदामाचा साठा तिच्या एक्सेलमध्ये. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. शहराचं नाव बदललं तेव्हा ॲपमध्ये नवं आलं, हिशेबात जुनं राहिलं, आणि दोन वेगळी गावं समजून एकाच दुकानाला दोनदा माल गेला. त्या दुकानदारानं दोन्ही वेळचा माल गुपचूप उतरवून घेतला ते वेगळंच.

सगळं जोडून द्यायला पुण्याहून एक इंजिनिअर आला. "ढगात आता आपला सगळा माल दिसणार म्हणे, पाणी कधी दिसणार?" हा विनोद त्या उन्हाळ्यात मी इतक्या जणांकडून ऐकला की शेवटी मी हसणं सोडून दिलं. पण काम मला आवडलं. एका सिस्टीममधला कुठला शब्द दुसऱ्या सिस्टीममधल्या कुठल्या शब्दाला जोडायचा, हे आमच्या बाजूनं मी ठरवायचं होतं. त्याला मॅपिंग म्हणतात. इतकी वर्षं रोज सकाळी फोनवर मी तेच तर करत होते.

नव्या सिस्टीममध्ये टाकीच्या चारच अवस्था होत्या: विक्रीला, राखीव, वाटेत आणि खराब. गोदामाच्या एक्सेलमध्ये पाचवा रकाना निघाला.

"मॅडम, हे 'दारात' म्हणजे काय?" इंजिनिअरनं विचारलं. "याला कुठं जोडू?"

मी त्याला थांबवलं आणि बाहेर जिन्यात जाऊन तिला फोन लावला. शेठना सरळ सांगून टाकावं का, असं मी विचारलं.

"नको ताई. सांगितलं अन् नाय म्हनले तर?"

मलाही तीच भीती होती. शेठ माणूस वाईट नव्हता, पण कागदाचा गठ्ठा उघडा राहिला तरी चिडायचा. उगाच कशाला डिवचा.

"खराब लिहा की," ती म्हणाली. "खराब टाकी कोण मागतंय?"

आम्ही दोघीही हसलो. मी आत येऊन इंजिनिअरला सांगितलं, दारात म्हणजे खराब. त्यानं जोडून टाकलं.

सिस्टीम सुरू झाली त्या सकाळी फरक शून्य आला. हिरवी खूण उमटली. शेठनी पेढे मागवले. मी एक पेढा खाल्ला आणि फोन लावला, तर ती म्हणाली, "आलं की ताई इथंबी स्क्रीनवर. समदं जुळतंय." तरी आम्ही बोललो. नंतरही काही दिवस बोललो. मग माझ्या मागं दुसऱ्या टप्प्याचं काम लागलं, तिच्या मागं लग्नाची बोलणी लागली. कामाशिवाय फोन करायचा म्हणजे दोघींनाही आधी काहीतरी निमित्त शोधावं लागायचं, आणि आमच्याकडं निमित्त म्हणून आकडेच होते. ते तर आता आपोआप जुळत होते. हळूहळू फोन राहिलाच.

दुसऱ्या टप्प्यात आम्ही भंगारवाल्याला सिस्टीमशी जोडलं. खराब टाक्या कारखान्यात आणि गोदामात पडून जागा अडवायच्या. ठरावीक मुदतीपेक्षा जास्त दिवस एखादी टाकी 'खराब' राहिली की भंगारवाल्याला आपोआप उचलण्याची ऑर्डर जाईल, अशी सोय केली. ऑर्डरवर मंजुरी देणाऱ्याचं नाव लागतं. माझंच घाला, असं मी सांगितलं. मी खुर्चीवर नसतानाही माझं नाव उमटत राहणार, याचं मला त्या दिवशी मोठं कौतुक वाटलं होतं.

दारातली टाकी तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. ती रोज सकाळी कानावर पडायची म्हणून ध्यानात असायची, आणि कानावर पडणं बंद होऊन महिने झाले होते.

पुढच्या वर्षी ऐन मे महिन्यात एकदा शेठ सिल्लोडहून परत आले ते सरळ माझ्या टेबलाशी.

"फुलंब्रीच्या दारातली टाकी कुठं गेली?"

मला आधी समजलंच नाही. मग म्हटलं, "तुम्हाला माहीत होती?"

"कमाल करता मॅडम. माझ्याच गोदामाची टाकी रस्त्यावर उभी आहे आणि मलाच माहीत नसेल? सिल्लोडला जाताना दर वेळी बघतो. मेंढ्या असल्या की ड्रायव्हरला म्हणायचो, आहिस्ता घे."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"त्यात बोलायचं काय होतं?" शेठ म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही.

ते आत गेले आणि मी बसून राहिले. ज्याच्यापासून लपवायला आम्ही त्या टाकीला खराब ठरवलं, त्याची कधी हरकतच नव्हती. जिन्यात जाऊन फोन करण्याऐवजी त्यांच्या केबिनच्या दारात उभी राहिले असते तर एका वाक्यात काम झालं असतं.

मग मी फुलंब्रीला फोन लावला.

"हां, बोला मॅडम," ती म्हणाली.

मी टाकीचं विचारलं.

"नेली की. भंगाराची गाडी आली व्हती. त्यानं मोबाइलवर ऑर्डर दाखवली, खाली तुमचं नाव. गाडीत बसंना म्हनून त्यानं जागीच कापली."

"पाणी होतं तीत?"

"अर्धी भरलेली व्हती. तोटी सोडून दिली त्यानं. पार नाल्यापातुर गेलं पाणी."

"अगं, मग मला फोन नाही का करायचास? मी थांबवलं असतं ना."

"तुमचंच नाव व्हतं ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "म्हनलं, ताईंनी केलंय म्हंजी कायतरी कारण असंल."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. मुदत, आपोआप जाणारी ऑर्डर, आपोआप लागणारं नाव. ती मध्येमध्ये "व्हय मॅडम" म्हणत होती. तिला सिस्टीम माझ्याइतकीच कळत होती, त्यामुळं न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग मी मेंढरांचं विचारलं.

"दुसऱ्या दिशी आली ना तशीच. कट्ट्याभवती उभी ऱ्हायली. हाकलली तरी हलंनात. बापाला लई वेळ लागला त्यास्नी काढायला."

"आता कुठं नेतात पाण्याला?"

"इकली, मॅडम." मग तीच म्हणाली, "टाकीमुळं नाय. चाराबी नव्हता."

हे वाक्य तिनं माझ्यासाठी म्हटलं होतं. मी तोंडावर पदर धरून ऑफिसात रडले, आणि कोण बघतंय याची पर्वा केली नाही.

शेठनी त्याच आठवड्यात नवी टाकी पाठवली, आधीच्यापेक्षा मोठी. मी पुण्याच्या इंजिनिअरच्या मागं लागून सिस्टीममध्ये पाचवी अवस्था घालून घेतली: 'दारात'. पावसाळ्यानंतर आणखी दोन गोदामांनी ती वापरायला सुरुवात केली. फुलंब्रीच्या टाकीवर आता दुसऱ्यांची मेंढरं येतात. तिचा बाप हर्सूलकडं एका बांधकामावर राखणीला असतो. तिचं लग्न झालं, पत्रिका आली, मी गेले आणि साडी दिली. तिनं वाकून नमस्कार केला आणि नवऱ्याला सांगितलं, "ह्या आमच्या ऑफिसातल्या मॅडम."

अजूनही कधीमधी चहाच्या आधी माझा हात फोनकडं जातो. परवा लावलाच; लग्नानंतरही गोदाम तीच सांभाळते. फुलंब्रीचा सगळा साठा माझ्या समोर स्क्रीनवर होता, शेवटच्या ओळीत 'दारात' आणि पुढं एक. तरी मी जुन्या आवाजात विचारलं, "बोल, तुझ्याकडं किती?"

मला वाटलं, आता म्हणेल, अन् एक दारात.

"सिस्टीमला दिसतंय की, मॅडम," ती म्हणाली.